कणगी काऊन खोकलते

वैतागालाही काही माप असतं. भगवानचं माप त्या दिवशी सकाळी नऊलाच भरलं, तेव्हा कॅमेऱ्याला अजून गोधडीही गुंडाळून झाली नव्हती.

गोधडीचं कारण साधं. मुंबईहून भाड्याने आणलेला तो कॅमेरा चालू झाला की असा खडखडायचा, की टेपवर माणसांच्या बोलण्याऐवजी त्याचीच कटकट ऐकू यायची. म्हणून भगवानने घरातली जाड गोधडी आणून त्याला गुंडाळली होती, भिंग तेवढं बाहेर ठेवलं होतं. वडनेर भोलजीतल्या म्हाताऱ्या बायका गोठ्याच्या दारातून डोकावून विचारायच्या, "मशीन बिमार हाये का, बाप्पा?" पहिल्या दिवशी भगवान हसला होता. आज एकोणिसाव्या दिवशी त्याला वाटलं, हो म्हणून टाकावं. बिमारच आहे. सगळंच बिमार आहे.

सत्तर साल उजाडून तीन आठवडे झाले होते. भगवान कोल्हापूरच्या एका स्टुडिओत अकरा वर्षं असिस्टंट होता, तोही तिसरा. म्हणजे नटांना हाका मारायच्या, चहा सांगायचा आणि पहिल्या असिस्टंटच्या शिव्या खायच्या. तिथे दुसऱ्यांच्या पिक्चरमधून उरलेल्या फिल्मचे तुकडे जमवत जमवत त्याने आता स्वतःचा पिक्चर काढायला घेतला होता. मोठा नट नाही, शेटजी नाही, स्टुडिओही नाही. गोष्ट अशी, की एका गावातले लोक जत्रेसाठी एक चावट वग बसवायला घेतात, गावच्या पाटलाला वाटतं की वगातला पाटील म्हणजे आपणच, आणि मग बिचाऱ्यांना तालीम चोरून एका गोठ्यात करावी लागते. वगाचं नाव 'कणगीतला पाटील'. पिक्चरचंही तेच.

वग खराच चावट होता. नवरा बाजारला गेला की पाटील बैल पाहायच्या निमित्ताने त्याच्या घरी येतो. खाटेची दोरी ढिली झाल्याची तक्रार करणारी एक लावणी बाईच्या तोंडी आहे. ती ऐकून गावातल्या चार प्रतिष्ठितांनी गोठ्याकडचा रस्ता सोडला होता आणि बाकीच्यांनी नेमका तोच धरला होता. मग नवरा अवचित परत येतो, पाटील अर्ध्या रिकाम्या कणगीत उडी मारतो, आणि नवरा वरून ज्वारीचं पोतं ओतायला लागतो. कणगीतून खोकला येतो. नवरा विचारतो, "कणगी काऊन खोकलते?" बाई म्हणते, "खालची जवारी जुनी हाये. थंडी लागली असंल तिले." भोळा नवरा कणगीवर घोंगडं टाकतो. मग घोंगड्याचा कोपरा हळूच उचलून पाटील डोकं बाहेर काढतो आणि म्हणतो, "पायाकडून बी झाक, बापू."

बस. कणगीचा हा सगळा मामला मिळून पाऊण मिनिटाचा. बाकीचा पिक्चर पुरा झाला होता, हे पाऊण मिनिट तेवढं राहिलं होतं. आणि ते नसेल तर बाकीचा पिक्चर कशासाठी काढला, हे भगवानला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

म्हणजे सांगण्यासारखं होतं, पण तो सांगत नव्हता. कॅमेरावाल्या दातारांना त्याने 'लोककला जपली पाहिजे' वगैरे सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी, की आठ वर्षांचा असताना तो वडिलांबरोबर बैलजोडी पाहायला रोहिणखेडला गेला होता. तिथे भर दुपारी कापडी मांडवाखाली हाच वग चालला होता. वडिलांच्या मांडीवर बसून त्याने पाहिला. आणि "पायाकडून बी झाक" म्हटल्यावर त्याचे वडील, नारायणराव, असे हसले की डोक्यावरचा पटका सुटून भगवानच्या तोंडावर पडला. पटका बाजूला करून त्याने वर पाहिलं. बापाला इतके दात आहेत, हे त्याला त्या दिवशी कळलं. पुढच्या वर्षी आई गेली. त्यानंतर ते दात कुणाला दिसले नाहीत.

आता नारायणराव पासष्टीला आले होते. मुलगा कोल्हापूरहून सामान घेऊन आला तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "किती दिवस?" भगवान म्हणाला, "वीस." "बरं. बैल बाहेर बांधतो," म्हणाले आणि गोठा रिकामा करून दिला, कणगीही दिली. तेव्हापासून ते गोठ्याकडे फिरकले नव्हते. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच बोलले नव्हते. भगवानला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

आणि पाऊण मिनिट अडलं होतं कुणामुळे, तर पुंजाजीमुळे. रोहिणखेडच्या त्या मांडवातला पाटील तो हाच. सहासष्ट वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांनी अधू, पण उभ्या वऱ्हाडात त्याच्यासारखा सोंगाड्या झाला नाही असं लोक म्हणायचे. त्याला शोधायला भगवानने मोताळ्यापासून मेहकरापर्यंत गावं पालथी घातली होती. सापडला तो देऊळघाटला, लेकीच्या घरी शेंगा फोडत बसलेला.

पहिल्या दिवशी कॅमेरा लागला. पुंजाजी कणगीत उतरला, नवरा झालेल्या भाऊराव शिक्षकाने ज्वारी ओतली, बाई झालेल्या केसरबाईने आपलं वाक्य म्हटलं, घोंगडं पडलं, पुंजाजीने डोकं काढलं आणि "पायाकडून बी झाक, बापू" असं काही म्हणाला की दातारांसारखा पुणेरी माणूस कॅमेऱ्यामागे पोट धरून बसला. त्या भरात कॅमेरा हलला. साहजिकच दातार म्हणाले, "पुन्हा एकदा घेऊ."

पुन्हा घेतला. घोंगडं पडलं, डोकं आलं, आणि पुंजाजी म्हणाला, "वहिनी, माह्या वाटची भाकर बी अठीच द्या."

भाऊराव शिक्षक माणूस, पाठ केलेलं सोडून दुसरं काही आलं की त्याची वाचाच जायची. तो घोंगड्याकडे बघत राहिला. भगवान म्हणाला, "बुवा, पायाकडून झाक म्हणायचं होतं."

"म्हटलं न मंघानी."

"पुन्हा म्हणायचं. जसंच्या तसं."

पुंजाजीने दातारांकडे बोट केलं. "त्याईले सांगून झाली थे गंमत. आता पुन्हा तेच सांगू? थे काय म्हणतील, बुढ्याच्या पोतडीत एकच हाये?"

मग कळलं ते असं. पुंजाजी आयुष्यभर गर्दीला उद्देशून कधी बोललाच नव्हता. मांडवात उभा राहिला की तो एक माणूस निवडायचा, त्याच्या डोळ्यांत बघायचा आणि त्यालाच गंमत सांगायचा. बाकीचे फुकटात हसायचे. आणि एका माणसाला एक गंमत एकदाच. पन्नास वर्षांत हा नेम मोडला नव्हता. ज्याला हसवलं त्याचा चेहरा आपण विसरत नाही, असंही तो म्हणायचा.

"मग मले सांगा," भगवान म्हणाला. "माह्याकडं पाहून म्हणा."

पुंजाजीने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुमाले नाही सांगत. तुमी ऐकली हाये."

भगवानला वाटलं, खरंच आहे, कागदावर तर मीच लिहिली आहे. त्याने वाद घातला नाही. दातार म्हणाले, आवाज मागाहून कोल्हापुरात भरून घेऊ. पण बंद खोलीत, समोर माणूस नसताना पुंजाजी भिंतीला गंमत सांगेल, ही आशा दातारांनीच करावी. भगवानने केली नाही.

शेवटी त्याला एक युक्ती सुचली आणि दोन दिवस तो स्वतःवर फार खूश होता. दर टेकला कॅमेऱ्याशेजारी एक कोरा माणूस बसवायचा. गावातले अकराजण त्याने मारुतीच्या पारावर, ऐकू येणार नाही इतक्या लांब बसवून ठेवले आणि एकेकाला आत बोलवायला लागला. पुंजाजीने शब्द पाळला. प्रत्येक नव्या माणसाला त्याने तीच गंमत सांगितली, तशीच्या तशी. आणि प्रत्येक माणूस हसला. चोरून चाललेली तालीम, गोठ्यात चिटपाखरू नाही असं पिक्चरमध्ये दाखवायचं, आणि टेपवर फिदीफिदी.

हसायचं नाही अशी तंबी दिली, तर एकाने उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला आणि हसू नाकातून काढलं. दुसरा हसला नाही, रडला. शिवाय गोठ्यातून बाहेर पडलेला प्रत्येकजण पारावर जाऊन उरलेल्यांना सगळं साभिनय सांगायचा, त्यामुळे सातवा आला तो क्लॅप वाजायच्या आधीपासूनच हसत आला. मग भगवानने ठार बहिऱ्या झुंबरबाईला आणून बसवलं. ती हसली नाही, पण ती हसत नाही म्हटल्यावर पुंजाजी इरेला पेटला. तो कणगीतून नवनव्या गमती काढत राहिला आणि अख्खं रीळ संपेपर्यंत थांबला नाही. झुंबरबाई उठली, कॅमेऱ्याला नमस्कार करून निघून गेली.

तर हे असं अठरा दिवस. आता फिल्मचा एक डबा उरला होता, त्यात जेमतेम एका मिनिटाचा तुकडा. दातारांना आणि कॅमेऱ्याला बाराच्या गाडीने मलकापूरला जाऊन रेल्वे धरायची होती. परवा त्यांचं मुंबईत दुसरं काम लागलेलं. सकाळचे नऊ वाजलेले, आणि अख्ख्या वडनेरात ही गंमत न ऐकलेला माणूस उरला नव्हता.

केसरबाई पान लावत बसली होती. बाईने तीस वर्षं फडात काढली होती, तिला कशाची घाई नसायची. ती म्हणाली, "भगवानराव, तुमच्या बाबाले बोलवा न. थे काही हसत नाही."

"बरोबर हाये," टेपवाला सहदेव म्हणाला. नांदुऱ्याला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि कानाला हेडफोन लावून बसण्याची त्याची हौस दांडगी होती. "माह्या दुकानात येतात बातम्या ऐकाले. बाकीचे खो खो हसतात, थे फक्त रेडिओकडं पाहतात."

भगवान गेला. नारायणराव निंबाखाली बैलांना कडबा टाकत होते.

"बाबा, जरा गोठ्यात येऊन बसता का? दहा मिनिटं."

"मले काय काम हाये तठी?"

"काहीच नाही. नुसतं बसायचं. फक्त हसायचं नाही."

नारायणरावांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "हसाचं नाही?"

"नाही. आवाज आला तर सारं वाया जाते. एकच डबा उरला."

"बरं," ते म्हणाले आणि घरात गेले.

आत गेले ते येईनात. नऊचे दहा झाले. भगवान अंगणात येरझाऱ्या घालत होता, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता, मनातल्या मनात बापावर चिडत होता. साधं बसायचं तर आहे. दहा वाजून दहा मिनिटांनी नारायणराव बाहेर आले. दाढी केली होती. लग्नाकार्याचं धोतर नेसले होते, डोक्याला नवा पटका बांधला होता, कपाळाला बुक्का होता. कॅमेऱ्यासमोर नाही, कॅमेऱ्याशेजारी बसायचं होतं, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, सांगायचं ते भगवानने, आणि तो म्हणाला, "चला लवकर, उशीर झाला."

गोठ्यात पुंजाजी कणगीत उभाच होता. नारायणराव स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. पुंजाजी त्यांच्याकडे पाहत राहिला. मग भगवानकडे पाहिलं. मग पुन्हा नारायणरावांकडे. भगवानला हे दिसलं, पण त्याला वाटलं, म्हातारा माप घेतो आहे. तो कॅमेऱ्याच्या पुढ्यात खाली उकिडवा बसला, पाठ वडिलांकडे, डोळे कणगीकडे. "बुवा," तो म्हणाला, "हात जोडतो. जसंच्या तसं."

क्लॅप वाजला. गोधडीच्या आत कॅमेरा खडखडायला लागला.

भाऊरावने ज्वारी ओतली. कणगी खोकली. "कणगी काऊन खोकलते?" भाऊराव म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चांगलं म्हणाला. "खालची जवारी जुनी हाये," केसरबाई म्हणाली, "थंडी लागली असंल तिले." घोंगडं पडलं. मागे नारायणरावांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. भगवानने मुठी आवळल्या. आता फक्त चार शब्द.

घोंगड्याचा कोपरा उचलला. पुंजाजीचं डोकं बाहेर आलं, मिशांत ज्वारीचे दाणे. त्याने नारायणरावांच्या डोळ्यांत पाहिलं. आणि अगदी भगवानसारख्या कपाळाला आठ्या घालून, भगवानसारखंच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, भगवानच्याच आवाजात तो म्हणाला, "कट, कट. भाऊराव, जवारी हळू टाका न हो. रीळ संपून राह्यलं, गाडी जाऊन राह्यली, अन बाबा अजून धोतर नेसून राह्यले."

भगवानच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस दिवस, शेवटचा डबा, हात जोडून सांगितलेलं, आणि या माणसाने भर कॅमेऱ्यासमोर त्याचंच सोंग आणावं. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी हसायला लागलं. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखं, मग खळखळून, मोठ्याने, थांबता थांबेना असं. डोक्यात गेलेला राग तोंडावाटे बाहेर पडला. मागे वळूनही न पाहता भगवान ओरडला, "कट. कट. कोण हसून राह्यलं बे? अक्कल हाये का नाही?"

हसणं तिथेच थांबलं.

 मग भगवान वळला. स्टुलावर त्याचा बाप बसला होता. नवा पटका सुटून खांद्यावर आला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंड मिटत चाललं होतं. दात त्याला दिसले नाहीत. त्याला दिसलं ते फक्त मिटणं.

नारायणरावांनी पटक्याच्या टोकाने डोळे पुसले. "माहं चुकलं," ते म्हणाले. "तू सांगतलं होतं. तुहं काम खराब झालं."

"बाबा, बसा न," भगवान म्हणाला. "बसा. काही खराब नाही झालं."

"नाही. बैल उपाशी हायेत." ते उठले, पटका हातात घेऊन, बोडक्या डोक्यानेच दारातून वाकून बाहेर गेले. चारचौघांसमोर हसून दाखवल्याची लाज वाटावी तसे गेले, आणि ती लाज आपण लावली, हे भगवानला तिथे उकिडवं बसल्या बसल्या कळलं.

तो पुंजाजीवर धावून गेला. "जसंच्या तसं म्हणा म्हटलं होतं. एवढे दिवस हेच सांगून राह्यलो. काऊन बदललं?"

पुंजाजी कणगीतून उतरायची खटपट करत होता. केसरबाईने त्याला हात दिला. गुडघे चोळत तो म्हणाला, "थे गंमत याईले सांगून झाली होती, भगवानराव. रोहिणखेडले. असंच हसले होते, पटका पडला होता. मांडीवर लेकरू होतं एक." त्याने मिशीतला दाणा काढून टाकला. "म्हणून तुमाले बी नाही सांगतली."

मांडवातल्या शेकडो चेहऱ्यांतून हा एक त्याला आठवत असेल, हे घाईत भगवानच्या मनातही आलं नव्हतं. म्हातारा पहिल्या दिवसापासून ओळखून होता. "मंग दुसरी कोणती सांगा," तो म्हणाला. "मी बोलावून आणतो. डबा नसला तरी चालते. पिच्चर गेला खड्ड्यात. नुसती सांगा त्याईले."

"सांगीन न. माह्याजवळ लय हायेत." पुंजाजीने दाराकडे पाहिलं. "पण थे आता हसतील का?"

अकरा वाजता दातारांनी गोधडी सोडून घडी घालून दिली आणि कॅमेरा पेटीत ठेवला. नाराज दिसले नाहीत. म्हणाले, पिक्चर याच्याशिवायही जोडता येईल, लोकांना काय कळतं. भगवान हो म्हणाला. त्यांना गाडीत बसवून तो परत आला तेव्हा पुंजाजी आणि केसरबाई पारावर बसून चहा पीत होते, भाऊराव शाळेत गेला होता, आणि सहदेव गोठ्यात एकटाच वायरी गुंडाळत होता.

"हे शेवटचं पुसू का?" सहदेवने विचारलं. "खराबच हाये. टेप मले दुकानात कामाले येईल."

"लाव एकदा."

सहदेवने टेप लावली. केसरबाईचं वाक्य आलं. पुंजाजीचं ते सोंग आलं. मग बापाचं हसू आलं. टेपवर ते जास्तच मोठं वाटत होतं, गोठाभर झालं. भगवान मान खाली घालून ऐकत होता. आणि त्या हसण्यावर त्याचाच आवाज आदळला, "कट. कट. कोण हसून राह्यलं बे?" पुढे काही नव्हतं. चक्र नुसतं सूं सूं करत फिरत राहिलं.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

या खेपेला त्याने बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं. आपला आवाज यायच्या आत दाबायचं, म्हणजे हसू तेवढं पुरं ऐकू येईल, असा त्याचा हिशेब होता. हसू सुरू झालं. घशातलं, मग खळखळून. आता येईल, आता येईल या धसक्याने बोट आधीच दाबलं गेलं, आणि नारायणराव पुन्हा अर्ध्यातच थांबले.

बाहेर निंबाखाली ते बैलांशी काहीतरी बोलत होते. सहदेवने टेप काढली, डबीत घातली आणि काही न विचारता भगवानच्या हातात दिली.